रिव्हर्स घेताना दर खेपेला एकच कोपरा घासतोय? आधी गाडीवरचे डाग वाचा

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "गाडी मागं घेताना काहीतरी लागतंच." मग मालक नवा आरसा बसवतो, रिव्हर्स हॉर्न लावतो, फारच वैतागला तर कॅमेराही लावतो, आणि दिवाळी ते होळीच्या दरम्यान त्याच जागी नवा डाग उमटतो. ड्रायव्हर बदलला तरी डाग तिथंच. खरं तर ड्रायव्हर बदलूनही डागाची जागा बदलत नाही, तेव्हाच कळायला हवं की दोष माणसाच्या लक्षात नसून गाडी वळवण्याच्या पद्धतीत आहे.

लातूरला एका ट्रान्सपोर्टात गाड्यांची देखभाल माझ्याकडं असते. मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) सोयाबीन-तूर, जालन्याहून सळई, वसमत-हिंगोलीकडची हळद, हंगामात ऊस, असा सगळा माल. गाड्या बहुतेक दहा टायर, काही बारा टायर, थोडे ट्रेलर. खाली लिहिलंय ते याच गाड्यांना धरून आहे. छोटा हत्ती किंवा पिकअपवाल्यांना यातलं अर्धंच लागू पडेल.

डाग कुठं आहे?

सकाळी गाडी रिकामी असताना हातात खडू घेऊन एक फेरी मारा. जिथं जिथं खरचटलंय, चेपलंय, रंग उडालाय तिथं फुली करा. जुना-नवा भेद करू नका. मग दहा पावलं मागं जाऊन फुल्या कुठं दाटल्यात ते बघा.

मागचा डावा कोपरा, कमरेपासून छातीच्या उंचीपर्यंत: टेल लाइटची काच फुटलेली, फाळक्याच्या (मागच्या उघडत्या झडपेच्या) बिजागरीजवळ पत्रा आत गेलेला. हा सगळ्यात जास्त सापडणारा डाग. त्या बिजागरीच्या खाचेत बहुतेक वेळा रंग अडकून राहिलेला असतो. नखानं उकरून बघा. पिवळा-काळा निघाला तर वजनकाट्याचा खांब, हिरवा किंवा निळा निघाला तर कुठल्यातरी गोदामाचं गेट, पांढरा चुना निघाला तर भिंत. ड्रायव्हरला विचारण्याआधी हे करा. वाद निम्म्यानं कमी होतो.

केबिनचा पुढचा डावा कोपरा, बंपरचं टोक, डाव्या आरशाचा दांडा वाकलेला: हाही रिव्हर्सचाच डाग आहे, पुढं चालवतानाचा नाही. बहुतेकांना हे पटत नाही. खाली सविस्तर सांगतो.

मागचा उजवा कोपरा: हा रिव्हर्समध्ये क्वचित लागतो. गाडी दुरुस्त करायला पुढं काढताना स्टेअरिंग डावीकडं जोरात मारलं की मागच्या धुऱ्याच्या (एक्सलच्या) मागं लटकणारा हौदा, म्हणजे माल भरायचा भाग, उजवीकडं झेपावतो. उजवीकडं शेजारची गाडी किंवा भिंत चिकटून असेल तर शेपूट तिला घासते. उपाय सरळ आहे: पुढं काढताना निदान अर्धी गाडी सरळ जाऊ द्या, मग काटा, म्हणजे स्टेअरिंग फिरवा.

मागचं गार्ड किंवा फाळका मधोमध आत गेलेला: थांबायचा अंदाज चुकतोय.

हौद्याची वरची कड, ताडपत्रीच्या कड्या, केबिनवरचं कॅरियर: उंची. यात एक गंमत आहे, तीही खाली येईल.

डावा मागचा कोपरा

आपलं स्टेअरिंग उजवीकडं. उजवा आरसा हाताच्या अंतरावर, आणि शंका आलीच तर खिडकीतून डोकं बाहेर काढून मागचं चाक, जमीन, गटार सगळं प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसतं. डावा आरसा मात्र केबिनच्या पलीकडच्या टोकाला, डोळ्यापासून दोन मीटरहून लांब. मधे किन्नरची (क्लीनरची) सीट, तिच्यावरची पिशवी, डाव्या काचेवर चिकटवलेले देव, आणि आरशाच्या दांड्याला लटकवलेले काळे गोंडे. गाडीला नजर लागू नये म्हणून लावलेल्या गोंड्यानं ड्रायव्हरचीच नजर अडते. गोंडे लावायचे तर पुढच्या बंपरला लावा, तिथं कुणाची हरकत नाही.

म्हणून पहिला उपाय आरशाचा नाहीच. वळणाची बाजू बदलायची. गेट किंवा फलाट तुमच्या उजव्या हाताला येईल अशा बाजूनं या. शेपूट उजवीकडं वळवत मागं घेतली की सगळं काम तुमच्या खिडकीतून दिसतं. त्यासाठी मोंढ्याला एक पूर्ण फेरा मारावा लागला तरी मारा. पाच-सात मिनिटं जातील.

काही ठिकाणी मात्र जागाच अशी असते की डावी बाजू टळत नाही. आमच्या लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेचंच बघा. मधे गोल, त्यातून सोळा रस्ते फुटलेले. आपल्याकडं वाहतूक डाव्या हातानं चालते, म्हणजे गोलाला फेरा घालताना प्रत्येक रस्त्याचं तोंड डावीकडंच येणार. तिथं मोठी गाडी उलटी आत घालायची म्हणजे कायम आंधळ्या बाजूनं. अशा जागी तोंडानं आत शिरून आतल्या मोकळ्या जागेत वळवता येते का ते आधी पायी जाऊन बघावं, नाहीतर माल छोट्या गाडीत उतरवून घ्यावा. कुठल्याही गावच्या जुन्या पेठेला हेच लागू.

डावीकडं वळवणं भागच असेल तर किन्नर खाली हवाच. त्याबद्दल पुढं.

आरसे: गोणीची परीक्षा

आरसे बसवताना बहुतेक जण सीटवर बसतात, हातानं थोडं इकडं-तिकडं करतात आणि झालं म्हणतात. त्यापेक्षा हे करा. गाडी मोकळ्या मैदानात उभी करा. किन्नरला एक पांढरी गोणी द्या. त्यानं गोणी धरून गाडीभोवती हळू चालायचं, तुम्ही सीटवर नेहमीसारखं बसायचं, वाकायचं नाही. गोणी आरशातून गायब झाली की ओरडायचं, त्यानं तिथं जमिनीवर खडूनं किंवा चुन्यानं खूण करायची. परत दिसली की परत खूण. पूर्ण फेरा झाल्यावर खाली उतरून बघा: गाडीभोवती आंधळ्या जागेचा नकाशाच तयार होतो.

हौद्याच्या थेट मागं तर तुम्हाला गोणी दिसणारच नाही. ती सपाट आरशात दिसायला फार लांब मागं न्यावी लागते, आणि माल हौद्याच्या बाहेर लोंबत असेल तर तेवढंही नाही. बहुतेक ड्रायव्हर ही परीक्षा पहिल्यांदा करतात तेव्हा गप्प होतात. डाव्या दाराखालचीही एक जागा अशी निघते की तिथं मोटरसायकलवाला बसलेला असला तरी सपाट आरशात दिसत नाही. तिथं फुगीर आरसा खाली झुकवून लावावा लागतो. फुगीर आरशाची एक खोड लक्षात ठेवा: त्यात सगळं लहान आणि लांब दिसतं. त्यावरून अंतर मोजायचं नाही, त्यात फक्त "कुणी आहे का" एवढंच बघायचं. अंतर सपाट आरशातून.

सपाट आरशात आपल्या हौद्याची कड आतल्या बाजूला बारीक पट्टीएवढी दिसावी, आणि मागचं चाक जमिनीला टेकतं ती जागा दिसावी. चाक टेकलेली जागा दिसत नसेल तर आरसा वर गेलाय. रस्ते कसे आहेत ते सांगायला नको. दांड्याचा बोल्ट आठवड्यात ढिला होतो आणि आरसा आपोआप खाली बसतो. तिथं स्प्रिंग वॉशर टाकला की बराच फरक पडतो.

आणि सीट. गादी दबून खड्डा पडलेली असेल तर तुम्ही चार बोटं खाली बसता, आणि लावलेले आरसे सगळे खोटे ठरतात. रात्रपाळीला दुसरा ड्रायव्हर बसत असेल तर त्याची उंची वेगळी. गाडी हातात घेताना हवा बघता तसे आरसेही बघा.

पुढचा डावा कोपरा: उजव्या वळणाची किंमत

वर मी सांगितलं की शेपूट उजवीकडं वळवा. आता त्याची दुसरी बाजू. मागं घेताना स्टेअरिंग उजवीकडं मारलं की शेपूट उजवीकडं जाते आणि केबिन डावीकडं फेकली जाते. नेमक्या त्याच वेळी ड्रायव्हरचं डोकं उजव्या खिडकीतून बाहेर, नजर मागं. डाव्या पुढच्या कोपऱ्याकडं बघायला कुणीच नाही. समोरचा टपरीवाला, उभी रिक्षा, विजेचा खांब, चहाचा गाडा, जे असेल ते त्या कोपऱ्याखाली येतं. शहाण्या ड्रायव्हरच्या गाडीवरही हा डाग सापडतो, कारण तो मागचा कोपरा सांभाळण्यात गुंतलेला असतो.

म्हणून गाडी काटायच्या आधी डावीकडं पुढं किती मोकळी जागा आहे ते बघून घ्या. गाडी अर्धी वळली की एकदा थांबा, डोकं आत घ्या, डावा आरसा आणि समोरचा कोपरा बघा, मग पुढचं. हा मधला थांबा अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण मागून लोक घाई करतात. करू द्या.

ट्रेलरचं गणित उलटं: ट्रेलरची शेपूट उजवीकडं न्यायची तर स्टेअरिंग आधी डावीकडं. थोडं थोडं काटायचं, आणि ट्रेलर जास्त मुरडायला लागला तर रिव्हर्समध्येच सुधारत न बसता पुढं काढून सरळ करायचा. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर मागं घ्यायचा हट्टच नको. मागची ट्रॉली सोडा, एकेक करून लावा.

फाळका मधोमध चेपलाय

याला सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तोच कुणी करत नाही. टेपनं एकदा मोजा: मागच्या शेवटच्या चाकाच्या मागच्या कडेपासून फाळक्याच्या बाहेरच्या टोकापर्यंत किती अंतर आहे. ते गाडीच्या आयुष्यात बदलत नाही. केबिनमध्ये सन वायझरवर मार्करनं लिहून ठेवा. समजा अडीच मीटर निघालं. फलाटाला लावायचं असेल तेव्हा फलाटापासून अडीच मीटर आणि वर एक वीत सोडून जमिनीवर लाकडाचा जाड ओंडका किंवा चाकाचा ठोकळा आडवा टाका. चाक त्याला टेकलं की केबिनमध्ये बसल्या जागी कळतं. ना ओरडा लागतो, ना अंदाज.

चढावर असाल तर अर्ध्या क्लचवर गाडी धरून बसू नका. भरलेली गाडी चढावर मागं ढकलताना क्लच प्लेट जळायला फार वेळ लागत नाही; वास आला की उशीर झालेला असतो. सपाटीवर ॲक्सिलरेटरला पायही लावायची गरज नसते, रिव्हर्स गिअरमध्ये गाडी आपल्या चालीनं सरकते. आणि सारखे ब्रेक दाबत मागं-पुढं करत असाल तर हवेच्या काट्यावर लक्ष असू द्या, ब्रेक हवेवरच चालतात.

वरची कड: आत गेली, बाहेर येताना अडकली

हा प्रकार गोदामात आणि कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये होतो. भरलेली गाडी मागं घेत आत गेली, तुळईखालून चार बोटांनी वाचली. माल उतरला. बाहेर काढताना हौद्याची कड तुळईला भिडली. ड्रायव्हर म्हणतो, "याच दारानं तर आलो होतो." बरोबर आहे. पण आलात तेव्हा पाटे (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगा) दबलेले होते. तीन धुऱ्यांच्या गाडीला कायद्यानं साडेअठ्ठावीस टनांपर्यंत एकूण वजन चालतं. त्यातलं मालाचं वजन उतरलं की पाटे उघडतात आणि हौदा वर येतो. चार बोटं तिथंच जातात. आत जाताना फट अगदी कमी असेल तर माल उतरवायच्या आधीच बाहेर कसं पडायचं ते ठरवा. शेडबाहेर उतरवणं सगळ्यात बरं.

विजेच्या तारा आणि बाभळीच्या फांद्या यांना तर कुठलाच आरसा दाखवत नाही. वर बघायचं ते खाली उतरूनच.

किन्नर कुठं उभा राहतो?

मोंढ्यात गाडी मागं यायला लागली की दहा जण "येऊ दे, येऊ दे" करतात. त्यातले दोघं हमाल, एक आडत्याचा मुनीम, एक बाजूच्या गाडीचा ड्रायव्हर आणि बाकी नुसतेच उभे. कधी कधी तर "आन दे, आन दे" हे शेजारच्या गाडीला चाललेलं असतं. म्हणून नियम ठेवा: "येऊ दे" फक्त एकाच माणसाचं ऐकायचं. "बस" मात्र कुणाचंही, अगदी रस्त्यानं जाणाऱ्या पोराचंही, लगेच ऐकायचं.

तो एक माणूस गाडीच्या मागं मधोमध उभा राहणार नाही. गाडी आणि भिंतीच्या मधे तर कधीच नाही. त्याची जागा डाव्या मागच्या कोपऱ्यापासून दोन-तीन पावलं बाहेर, अशी की तो डाव्या आरशात पूर्ण दिसेल. तो आरशातून गेला की गाडी उभी, मग तो लघवीला गेला असो की बिडी पेटवायला. आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, एवढं त्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगा.

डावं-उजवं बोलणं बंद करा. तुम्ही वळून मागं त्याच्याकडं बघितलं की त्याचं डावं ते तुमचं उजवं. "ड्रायव्हर साइड मार" आणि "किन्नर साइड मार" असं बोललं की घोळ होत नाही. हाताच्या खुणा तीनच पुरेत: हात हलवत बोलावणं, बाजूला दाखवणं, आणि दोन्ही हात वर करून उघडे तळवे म्हणजे थांब. हौद्यावर थाप मारायची जुनी सवय वाईट नाही. एसटीत एक बेल थांबायची आणि डबल बेल निघायची, तशी एक थाप थांब आणि दोन थापा चल अशी ठरवून घ्या. फक्त लांब गाडीत मागची थाप केबिनपर्यंत पोचत नाही, तेव्हा भरवसा डोळ्यांवरच. फोन स्पीकरवर टाकून मागचा माणूस सांगतोय आणि पुढचा ऐकतोय, हा नवा प्रकार पाहिलाय. फोनवर आवाज उशिरा पोचतो. "बस" ऐकू येईस्तोवर गाडी हातभर मागं गेलेली असते.

आता पुष्कळ गाड्यांवर किन्नरच नसतो. भाडं परवडत नाही म्हणून मालक एकट्या ड्रायव्हरला पाठवतात आणि मग फुटलेल्या टेल लाइटचे पैसे त्याच्याच पगारातून कापतात, हे मला पटत नाही. एकटे असाल तर उतरा. गाडीमागं पायी जा. जमीन बघा: काळी माती पावसानं फुगलेली असेल तर कडेला चाक रुतेल, गटाराचं झाकण असेल तर ते ट्रकचं वजन घेईल असं धरू नका. वर बघा. परत येऊन बसलात की दोन छोटे हॉर्न, क्षणभर थांबा, आणि लगेच निघा. उतरून बघितल्यावर मधे चहा घेतला तर ते बघणं वाया गेलं, तेवढ्यात मागं कुणीतरी स्कूटी लावून जातं. निम्मं अंतर गेलं की पुन्हा उतरायची लाज वाटून घेऊ नका. ओळखीचा हमाल असेल तर "मामा, जरा किन्नर साइडला उभं राहता का" म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. त्याला कुठं उभं राहायचं ते मात्र आधी सांगा.

रात्र, धुकं आणि उसाचं यार्ड

गोदाकाठच्या पट्ट्यात, पैठण, गंगाखेड, नांदेडकडं, डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं उतरतं. आरशांवर दव बसतं, आणि हाताच्या पंजानं पुसलं की तेलकट थर वर राहतो, तो दिव्याच्या उजेडात पांढरा चमकतो. कोरडा सुती कपडा केबिनमध्ये ठेवा. दोन्ही काचा खाली घ्या, टेप बंद करा. धुक्यात कान जास्त कामाला येतात. किन्नरनं बॅटरी आरशाकडं रोखायची नाही, थांबायच्या जागी जमिनीवर मारायची. त्या उजेडाच्या गोलाकडं गाडी आणायची. वजनकाट्यावरचा मोठा दिवा थेट आरशात येत असेल तर काट्यावरच्या माणसाला सांगून तेवढा वेळ बंद करून घ्या, लोक ऐकतात.

सगळ्यात अवघड जागा कारखान्याचं यार्ड. ऊस हौद्याच्या बाहेर दोन्हीकडं लोंबत असतो, त्यामुळं आरशात नुसतं वाढं (उसाचे शेंडे) दिसतं. शेजारी बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रॉल्या. नंबर लागायला रात्र जाते, म्हणून तोडणीवाली माणसं गाडीच्या आडोशाला, कधी चाकापाशी, पोराबाळांसकट झोपलेली असतात. थंडीत घोंगडी डोक्यावरून घेतली की माणूस आहे की वाढ्याचा ढीग, कळत नाही. इथं हॉर्नचा उपयोग नाही. रात्रभर हॉर्न ऐकून त्यांचे कान मेलेले असतात. गाडी हलवायच्या आधी बॅटरी घेऊन खाली वाका, पुढच्या धुऱ्यापासून मागच्या गार्डापर्यंत गाडीखाली उजेड मारा, मग दोन्ही बाजूंनी चालत मागं जा, आणि कुणी झोपलेलं असेल तर हाक मारून, हलवून उठवा. शेवटचं पोर बाजूला गेलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. नंबर गेला तर जाऊ द्या.

जमेल तिथं जागेवर पोचल्यापोचल्याच गाडी उलटी लावून ठेवा, म्हणजे निघताना तोंड बाहेर राहतं. आत येताना तुम्ही ती जागा नुकतीच बघितलेली असते. निघताना, अंधारात, झोपेतून उठून रस्त्यावर उलटं येण्यापेक्षा ते बरं.

कॅमेरा लावलाय, तरी लागतंय

कॅमेरा चांगलाच आहे, पण बहुतेक जण कारचा स्वस्त कॅमेरा आणून लावतात. जड गाड्यांची वायरिंग 24 व्होल्टची असते, कारचा कॅमेरा 12 व्होल्टचा. थेट जोडला की जळतो. काही वायरमन दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून 12 व्होल्ट काढून देतात. मग एक बॅटरी जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर जातात. 24 चं 12 करणारा कन्व्हर्टर लावा किंवा 24 वर चालणाराच कॅमेरा घ्या.

रिव्हर्स टाकला आणि स्क्रीन काळीच राहिली तर आधी खाली उतरून रिव्हर्सचा पांढरा दिवा लागतो का बघा. तोही लागत नसेल तर फ्यूज किंवा गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच. दिवा लागतोय आणि चित्र नाही, तर दोष कॅमेऱ्याच्या वायरीत. चित्र थरथरत असेल तर अर्थिंग ढिलं आहे किंवा जोडात पाणी शिरलंय. चॅसिसच्या कडेवर वायर घासून तिचं कव्हर गेलंय का तेही बघा.

चित्र उलटं येतंय का हे पहिल्या दिवशीच तपासा. मागं किन्नरला ड्रायव्हर साइडला उभं करा. तो स्क्रीनवरही उजवीकडंच दिसला पाहिजे. डावीकडं दिसत असेल तर सेटिंग बदला, नाहीतर ऐन वेळी तुम्ही चुकीच्या बाजूला काटणार. फाळक्यावर कॅमेरा बसवू नका. फाळका खाली सोडला की तो जमिनीचा फोटो काढत बसतो. आणि जिनिंगमध्ये जाणाऱ्या गाडीच्या काचेवर कापसाचं तूस चिकटतं, ते ओल्या कपड्यानं निघतं, फुंकर मारून नाही. सेन्सरवाल्यांना एवढंच: चिखल बसला की तो खोटा वाजतो किंवा मुका होतो, आणि बारीक सळई किंवा लोंबती दोरी त्याला नीट कळत नाही.

सगळं केलं, तरी त्याच जागी

मग गाडीच तिरकी चालते का बघा. ओल्या किंवा धुळीच्या सरळ रस्त्यावर गाडी पन्नास पावलं सरळ पुढं काढा आणि मागं येऊन चाकांच्या खुणा बघा. मागची चाकं पुढच्यांच्या रेषेवरून दोन्हीकडं सारखी जायला हवीत. एका अंगाला सरकलेली दिसली तर मागचा धुरा हललाय. बहुतेक वेळा पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटलेला असतो किंवा यू-बोल्ट ढिले असतात. अशी गाडी स्टेअरिंग सरळ धरूनही मागं जाताना एका बाजूला ओढते, आणि आरशात हौदा वाकडा दिसतो म्हणून ड्रायव्हर आरसाच फिरवत बसतो. हे काम मिस्त्रीचं. रंगकाम त्यानंतर करा, आधी नाही.

हे झालं गेटाच्या आतलं. हमरस्त्यावर रिव्हर्स हा वेगळाच विषय आहे. रिव्हर्स घेताना कुणाला धोका किंवा अडथळा होणार नाही याची खात्री चालकानंच करायची, असं 2017 च्या वाहनचालन विनियमांत आहे, म्हणजे "मागचा आला कसा" हे उत्तर चालत नाही. समृद्धी महामार्गावर जालन्याचा फाटा चुकला म्हणून कडेनं गाडी मागं घेणारे दिसतात. मागून कार ताशी 120 च्या परवानगीनं येतात. तुमचे दोन्ही आरसे मिळून त्या कारला थांबायला जेवढी जागा लागते तेवढी दाखवत नाहीत, रात्री तर नाहीच. पुढच्या इंटरचेंजवरून उतरा, फिरून या, आणि वरच्या डिझेलचा हिशोब मालकाला फोनवर तिथूनच सांगून टाका.